खापरखेड्यातला एक ‘गा’

मिरज सोडताना माझ्या पिशवीत तिळगुळाचा डबा, बाबांचं मनगटी घड्याळ आणि एक कोरी वही होती. डबा नागपूरच्या मावशीसाठी. घड्याळ आणि वही एका माणसाची फजिती टिपून आणण्यासाठी.

त्या माणसाला मी पाहिलंसुद्धा नव्हतं. माधव त्याचं नाव. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरी करायचा आणि सुटीच्या दिवशी चार मित्र गोळा करून गिटार-ड्रमवर इंग्रजी रॉक गाणी गायचा. माझी मावसबहीण नलू पत्रामागून पत्रात त्याचं कौतुक लिहायची. आणि तो म्हणे ‘ते’ गाणं गायचा! सत्तरच्या दशकात आम्हा कॉलेजच्या मुलामुलींना ज्या एका विलायती गाण्यानं वेड लावलं होतं, ते. त्याच्या शेवटी गायक आवाज चढवत चढवत असा एक सूर धरतो, की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. आमच्याकडे त्याची तबकडी होती. मी घड्याळ लावून मोजलं होतं, अकरा सेकंद. नलूला उलट टपाली कळवलं, ‘हे आपल्याकडच्या गळ्याचं काम नव्हे. येते आणि सिद्ध करून दाखवते.’

वय एकवीस. त्यात मिरजेचा जन्म. तिथे तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले बघत मी मोठी झाले, तेव्हा आपला कान जन्मतःच सुरात लावलेला आहे, असं मला वाटायचं. आज ती मुलगी समोर आली, तर मी तिचा तोच कान पिरगाळीन.

गाडीनं एक रात्र आणि जवळजवळ दोन दिवस खाल्ले. उसाचे हिरवे पट्टे मागे पडले, मग काळी रानं आली, आणि बडनेऱ्याच्या पुढे वेचून झालेल्या पऱ्हाट्यांना (कपाशीच्या झाडांना) चुकार बोंडं लटकलेली दिसू लागली. तिथेच एक बाई संत्र्यांची टोपली घेऊन माझ्याशेजारी बसली.

“कुठी चालली वं?”

“नागपूरला. गाणं ऐकायला.”

“कोनाच्या लग्नात?”

“लग्न नाही. नुसतं गाणं.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हातात एक संत्रं ठेवलं आणि समोरच्या बाईला हळूच म्हणाली, “घरून भांडून आली वाट्टे पोट्टी.” पोट्टी म्हणजे मुलगी. हा माझा विदर्भातला पहिला शब्द.

दुसरा शब्द मावशीनं शिकवला. मावशीचं घर प्रताप नगरात होतं. तेव्हा तिथे घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. जानेवारीची थंडी अशी, की अंगणात ऊन जिकडे सरकेल तिकडे बाजा सरकत. सकाळी मावशी म्हणाली, “कोपऱ्यावरून सांबार आण वं.” मी झाकणाचा डबा घेऊन निघाले. भाजीवाल्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं डब्यात कोथिंबिरीची जुडी कोंबून झाकण लावलं. तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. दुपारी त्या सांबाराच्या खमंग वड्या खाताना माझा राग गेला, आणि आता आपल्याला इथली भाषा आली, असा नवा गर्व चढला. त्या गर्वाचा हिशेब पुढे होणार होता.

रविवारी दुपारी नलू आणि मी एस.टी.नं खापरखेड्याला निघालो. वाटेत तिनं बॉम्ब टाकला.

“एक सांगाचं राहिलं. माधवचा गळा गेला होता.”

“गेला म्हणजे?”

“सुजला होता. रामदासपेठेतल्या डॉक्टरनं तीन महिने बोलूबी नको म्हटलं. पाटीवर लिहून घरात जेवाले मागे. आज तो पहिल्यांदा गाऊन राहिला. त्याच्या आईनं सांगितलं त्याले, आज सूर तुटला तर गिटार माळ्यावर. त्यानं कबूल केलं.”

“मग साधं काही गावं ना त्यानं!”

“तेच तर. तो म्हणते, गाईन तर भोंगाच.”

भोंगा! गिरणीचा वाजतो तो. चाहत्यांनी त्या विलायती गाण्याचं हे बारसं केलं होतं. इंग्रजी नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. मी वहीत लिहिलं, ‘अभिरुची: शून्य.’ आणि खरं सांगते, एका आजारी माणसाला पडताना पाहायला आपण इतक्या लांब आलो, हे तेव्हा माझ्या मनालासुद्धा शिवलं नाही. उलट वाटलं, काम सोपं झालं.

आधी धुराडी दिसली, मग वसाहतीच्या सारख्या घरांच्या रांगा, मग मैदान. दुपारची पाळी सुरू झालेली, सकाळची सुटलेली. माणसं बारदानं पसरून उन्हात बसली होती. आमच्या पुढेच माधवचे आईवडील. वडील उमरेडचे विणकर, जन्म हातमागावर गेलेला. आजूबाजूला बसलेले पुष्कळ जण तसेच विणकरांच्या घरातले, आता वीजकेंद्रात लागलेले.

“तुम्हाला इंग्रजी कळतं?” मी वडिलांना विचारलं. किती हा उद्धटपणा!

“नाई ना बाई,” ते शांतपणे म्हणाले. “तुमाले कळते काय सारं?”

नलू हसली. मी घड्याळाला किल्ली दिली.

माधव आला. किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, गळ्याला मफलर. दोन सोपी गाणी झाली. मग त्यानं मफलर काढून ड्रमवाल्याच्या खुर्चीवर टाकला आणि मैदान एकदम चिडीचूप झालं. भोंगा सुरू झाला.

सुरुवात छान होती. फार छान होती. पेन्सिल हातातच राहिली. आवाज पायऱ्या चढू लागला. एक, दोन, तीन, आणि चौथीवर तो चरकन फाटला. गिटार थांबली. माधवनं गळ्याला हात लावला. त्याची आई उठून अर्धी उभी राहिली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी पेन्सिल वहीत घालून वही मिटली.

मग मैदानातून हाका येऊ लागल्या. “राहू दे गा!” “बस झालं गा!” “नको गा, माधव!”

मला वाटलं, काय विचित्र लोक! एका दमात म्हणतात राहू दे, आणि त्याच दमात म्हणतात गा! पण ‘गा’ तर सगळ्यांचाच होता. बहुमत स्पष्ट होतं. हाका थांबल्या, शांतता पसरली, आणि त्या शांततेत मिरजेची ही शहाणी बारदानावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडली,

“गा! गा!”

शेकडो माना माझ्याकडे वळल्या. नलूनं माझा पदर इतक्या जोरात ओढला, की मी बसलेच. माधवनं माझ्या दिशेनं पाहिलं. थोडा हसला. ड्रमवाल्याला खूण केली आणि पुन्हा पहिल्या पायरीवरून चढायला लागला.

या वेळी चौथी ओलांडली. वर पोचला, सूर धरला. धरला, धरला, आणि टोकावर तो पुन्हा तुटला. पण खाली पडायच्या आत त्यानं तो तिथेच उचलला, तुटल्या जागेपासूनच पुढे नेला. लपवलं नाही काही. जोड कानाला लख्ख ऐकू आला. आणि त्या जोडावरच सारं मैदान “वा!” म्हणालं. सूर संपल्यावर नव्हे, बरोबर त्या जोडावर. मी आयुष्यात इतकी नेमकी दाद ऐकली नव्हती. मिरजेतसुद्धा!

म्हातारे वडील मागावरचा तुटलेला धागा जोडावा तशी दोन बोटं चोळत एवढंच म्हणाले, “सांधला.”

नंतरच्या टाळ्यांत नलू माझ्या कानाशी खेकसली, “काहून ओरडली वं? सारे त्याले थांब म्हणून राहिले होते!”

“सगळेच तर ‘गा’ म्हणत होते!”

“बाप्पा! अवं, ते गाण्याचं गा नोहे! तुमच्याकडे ‘अरे’ म्हणतात ना गड्याले, तसं आमच्याकडे ‘गा’. राहू दे गा. म्हणजे राहू दे रे!”

जमीन दुभंगली असती, तर मी त्या क्षणी वही-घड्याळासकट आत गेले असते. पण नलूनं मला तशीच ओढत माधवपुढे उभं केलं. त्याची आई शेजारीच होती. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला आणि बसलेल्या आवाजात म्हणाला, “ताई, ‘गा’ तर सारेच म्हणत होते. गाण्याचा ‘गा’ तुमचा एकटीचाच होता. तोच धरला.”

नलूनं भीत भीत आईला विचारलं, “काकू, तुटला ना पण सूर. आता गिटार माळ्यावर?”

आईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. “तुटला तर खरा,” ती म्हणाली. “पण सांधला ना. सांधलेलं कापड कोणी फेकून देते काय?” आणि मफलर उचलून त्याच्या गळ्याभोवती असा आवळला, की तो खोकलाच.

परतीच्या गाडीत मी वही उघडली. ‘अभिरुची: शून्य’च्या खाली लिहायला काही नव्हतं. तेवढं पान फाडून मी त्यात संत्र्याची सालं गुंडाळली.

मिरजेत मैत्रिणी वाटच पाहत होत्या. “किती सेकंद?” पहिला प्रश्न. मी घड्याळाकडे पाहायचंच विसरले होते. त्यांनी लगेच तबकडी लावली. तोच अकरा सेकंदांचा सूर, अखंड, गुळगुळीत, कुठे गाठ नाही. चांगलाच होता. तो वाईट होता, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ‘वा’ कुठे म्हणायचं, तेच मला सापडेना.

आता माझे गुडघे बोलतात आणि गळ्यात घरघर आहे. तरी घरात कुणाचा वाढदिवस असला, की मी तो भोंगा चढायला घेते. तिसऱ्या पायरीवर हमखास फाटतो. नातवंडं कानांवर हात ठेवून ओरडतात, “आजी, राहू दे!”

मी त्या ‘राहू दे’पुढे मनातल्या मनात एक ‘गा’ लावून घेते, आणि चौथी पायरी चढते.