डोक्यावरून चादर

देव झोपला तर चालतं, माझा बाप झोपला तर अपशकुन! इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की अजून डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नववीत होते. मुलुंडला आमच्या वसाहतीच्या गणपतीत चित्रांची स्पर्धा ठेवली होती, विषय ‘झोप’. बाकीच्यांनी पाळण्यातलं बाळ काढलं, ढगावर लोळणारी परी काढली, शेषावर पहुडलेला विष्णू तर तिघांनी काढला. मी बाबांना काढलं. गिरणी सुटल्यापासून ते जवळच्या कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. खोली एकच, खिडकीतून ऊन थेट तोंडावर. म्हणून डोक्यावरून चादर ओढून घ्यायचे, नुसते पाय बाहेर. पाळीवाल्याची झोप अशीच असते. कोपऱ्यात बसून, पेन्सिलीचाही आवाज न करता, मी ते पाय काढले, चादरीची घडी न् घडी काढली.

चित्र मांडवात लागलं. बाबा संध्याकाळी कामावर जाता जाता बघायला येणार होते. त्यांचं चित्र आजवर कुणी काढलंच नव्हतं. तर दुपारीच मंडळाचा सेक्रेटरी माझ्या अंगावर आला.

“अगं ए, अक्कल आहे का? गणपतीसमोर प्रेत टांगलंस?”

“प्रेत काय? बाबा झोपलेत.”

“मग तोंड उघडं काढ ना! जरा हसू दाखव. वर एक झकास स्वप्न काढ, बंगला, गाडी, काहीतरी.”

रात्रभर मशीनपाशी उभा राहिलेला माणूस हसत झोपतो होय? कुणाच्या घरी, सांगा तरी! मी नाही म्हटलं. त्याने चित्र उतरवलं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. एकेका चित्रापाशी थांबत, शोधत राहिले. सेक्रेटरीने त्यांना गाठलं. “तुमच्याच भल्यासाठी चित्र उतरवलं हो. जिवंत माणसाला असं दाखवू नये.”

वाटलं, आता बाबा याला चांगला झाडणार. तर बाबांनी हात जोडले. “पोर आहे, चुकलं तिचं.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. काय चुकलं होतं माझं?

दुसऱ्या दिवशी बाबा पाळीवरून आले आणि नेहमीसारखे झोपले. तिसऱ्या दिवशी मात्र चादर छातीपर्यंतच. डोळ्यांवर ऊन, सारखे कूस बदलतायत. आई बोलून थकली. शेवटी मीच ओरडले, “बाबा, घ्या ना डोक्यावरून! त्या लोकांचं काय ऐकता?”

“लोकांचा नाय गो बाय,” बाबा डोळे मिटूनच म्हणाले. “काल तू चादर उचलून बघलंस, माझो श्वास चलता काय नाय.”

बघितलं होतं मी. आधी कधी असलं मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या मेल्या सेक्रेटरीने ते घातलं, आणि माझ्या बापाची झोप गेली.