मॅडमची काचपट्टी

"आधी पाह्य वं, मंग बोल." सूक्ष्मदर्शकातून डोळा काढून मी लगेच उत्तर द्यायला लागले, की मॅडम माझं डोकं हलकेच पुन्हा खाली दाबत.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि मॅडम आमच्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख होत्या. उमरेडच्या विणकराची मुलगी. भर वर्गात घरच्या बोलीत शिरत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा मेंदू दाखवताना म्हणत, "मेंदूच्या पेशीत प्रथिनाचा बारीक धागा असते, सरळ. या रोगात तोच धागा गुंतते. माह्या बापाले गुंता सोडवता ये. मले नाही येत." मुलं हसत, त्याही हसत.

एका सकाळी हे सांगून झालं, मुलं हसली. मॅडमनी फळा पुसला आणि पहिल्यापासून तेच सांगितलं. मुलं आणखी जोरात हसली. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा वर्ग चिडीचूप झाला. मदतीला म्हणून मागच्या बाकावर बसलेली मी उठले आणि तास संपल्याचं सांगितलं.

व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "पोरं काहून गप्प झाली वं?"

मी सांगितलं. त्यांनी हातावरची खडूची पूड झटकली.

"म्हणजे सुरू झालं," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर माहा मेंदू तूच पाहजो. दुसऱ्याले देऊ नको."

त्यांची पन्नाशीही उलटली नव्हती. मी हो म्हणाले.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. नोकरी सुटल्यावर थोरली बहीण त्यांना उमरेडला घेऊन गेली. मी एसटीने जाऊन येत असे. आधी त्या माझं नाव विसरल्या, मग बोलणंच थांबलं.

त्या गेल्या तेव्हा बहिणीने त्यांचा शब्द पाळला, मीही पाळला. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत त्यांच्या मेंदूच्या कापाची रंगवलेली काचपट्टी भिंगाखाली ठेवली, पाहिली आणि खुर्ची मागे सरकवून उभीच राहिले. असे मेंदू मी पुष्कळ पाहिले होते. इतका काळा गुंता कधी पाहिला नव्हता. आणि याच मेंदूने मला शिकवलं होतं.

काय दिसलं ते ऐकायला आलेली बहीण दाराशी बसून होती. ती आत आली.

"शेवटी शेवटी मले आई म्हणे," ती म्हणाली. "जायच्या दिवशी माहा हात धरला. आई म्हणून धरला का बहीण म्हणून, ते दिसते काय वं त्यात?"

"नाही दिसत, ताई."

तिने काचेच्या त्या तुकड्याकडे पाहिलं.

"असू दे मंग," ती म्हणाली. "हात त धरला."