आर्याजींचं धिरडं

दवाखान्यात आयाचं काम करून सगळे वास पचवले, असं धुळ्याची द्रौपदाबाई नेहमी म्हणायची. शहाण्णव साली तिच्या वस्तीत नवा विहार उघडला. त्यासाठी पुण्यात पाली शिकणारी व्हिएतनामची एक भिक्षुणी आली आणि द्रौपदाबाईच्या घरी उतरली. सगळे तिला आर्याजी म्हणत.

"आज मैं पकाऊँगी," दुसऱ्या दिवशी सकाळीच आर्याजी म्हणाल्या.

तांदळाच्या पिठात हळद, नारळाचं दूध पडलं. तिथवर ठीक होतं. मग झोळीतून वाळलेल्या अळंब्या निघाल्या. द्रौपदाबाईच्या लेखी त्या कुत्र्याच्या छत्र्या, उकिरड्यावर उगवणाऱ्या! पाण्यात फुगून त्या गोगलगाईसारख्या बुळबुळीत झाल्या. तव्यावर पीठ चर्रकन पसरलं, त्यावर मोडाचे मूग आणि त्या छत्र्या पडल्या. हे धिरडं पालकाच्या कच्च्या पानात गुंडाळायचं नि चटणीत बुडवायचं. आर्याजींनी आंबवलेल्या सोयाबीनच्या चटणीची बरणी उघडली मात्र, ओल्या मोज्यांसारखा वास घरभर सुटला. द्रौपदाबाईला मळमळू लागलं.

तेवढ्यात शेजारची सुमनबाई आणखी दोघी बायकांना घेऊन परदेशी पाहुणी बघायला आली. उंबऱ्यातच तिनं पदर नाकाला लावला.

"हाऊ वास कसाना शे माय? ह्या लोके काय बी खातस!"

आर्याजींना शब्द कळले नाहीत, पदर कळला. त्यांचा हात तव्यावरच थांबला.

द्रौपदाबाईला तो पदर ओळखीचा होता. लहानपणी गावात तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्या बायका असाच पदर धरायच्या. तिला शिसारी आली, आणि ती बरणीची नव्हती.

ती पाटावर बसली. अख्खं धिरडं चटणीत बुडवून सगळ्यांसमोर खाल्लं. घास घशाशी अडत होता, डोळ्यांत पाणी येत होतं.

"माले बेस लागस. तू बी बस ना, सुमनबाई."

सुमनबाईला घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं. तिघी निघून गेल्या.

मग द्रौपदाबाई मागच्या मोरीत धावली आणि भडभडून ओकली. आर्याजी पाठीवर हात फिरवत राहिल्या.

"अच्छा नहीं लगा?"

"बिलकुल नहीं, आर्याजी!"

आर्याजी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

संध्याकाळी सुमनबाई वाटी घेऊन विरजण मागायला आली. घरात पातेलंभर दही होतं. "नाही," म्हणत द्रौपदाबाईनं दार लावून घेतलं.