‘व्हय म्हाराजा’ न म्हणणारी आत्ये

तार आली तेव्हा मी खारेपाटणच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. शिपायाने दारातूनच कागद पुढे केला, मी वाचला, घडी घातली आणि मुलींना म्हटलं, ‘‘आज इतकंच.’’ शेवंतीआत्ये गेली होती. सकाळी अंगणात फुलं काढता काढता पायरीवर बसली ती उठलीच नाही, हे घरी पोचल्यावर कळलं. एस.टी.त मी कणकवलीपर्यंत रडले हे खरं, पण कणकवली सुटल्यावर मला एकदम हसू फुटलं हेही तितकंच खरं. शेजारची बाई दचकून सरकून बसली. तिला कसं सांगणार, की जिच्यासाठी मी रडतेय तिने जर्मनीतल्या धर्मयुद्धांचा निकाल कालवणातल्या बांगड्यांवर लावला होता... आता सहा आठवडे होतील, पण आत्ये आठवली की मला तोंड पाडून बसवतच नाही. अंगात वारं शिरतं. तेच हे लिहायला लावतंय.

आत्ये माझ्या वडिलांची सख्खी धाकटी बहीण. वडिलांना सगळा गाव दादा म्हणायचा, म्हणून आम्ही मुलंही दादाच म्हणायचो. इंग्रजी चौथीत आत्येची शाळा सुटली, लग्न झालं, दीड वर्षात नवरा तापाने गेला आणि ती माहेरी परत आली. दादा गावचे मानकरी. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता हात जोडून मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हे म्हणणं देवाला असतं. आमच्या घरात मात्र ते देव्हाऱ्यापुरतं राहिलं नव्हतं. दादांनी सांगितलं, आज भात लावणी, व्हय म्हाराजा. दादांनी सांगितलं, शेवंतीने लग्नाकार्यात पुढे येऊ नये, व्हय म्हाराजा.

मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होते, पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. दुपारी मी माजघरात मोठ्याने इतिहास पाठ करायचे आणि आत्ये तांदूळ निवडायची. मला काही कळत नसे, मी घोकत असे. एके दिवशी माझं वाक्य चाललं होतं, ‘जर्मनीत ज्या राजाचा जो धर्म, तोच प्रजेचा धर्म ठरला.’ तिचे हात थांबले. ‘‘म्हणजे कसा गो? उद्या आमचो दादा माळकरी झालो, तर आपण सगळ्यांनी बांगडे सोडूचे?’’ मी म्हटलं, ‘‘व्हय.’’ ‘‘आणि शेजारच्या वाडीतलो राजा मासे खाणारो असलो तर तेंणी खावचे?’’ ‘‘व्हय.’’ ‘‘मगे मारामारी होतलीच!’’ ती म्हणाली आणि सूप बाजूला सारून तिने पुस्तक माझ्या हातातून ओढूनच घेतलं. त्या दिवशी तिला इतिहासाचं वेड लागलं ते लागलंच! पॅरिसमध्ये राजघराण्यातल्या लग्नाला आलेल्या दुसऱ्या पंथाच्या पाहुण्यांची कत्तल झाली, हे वाचून ती दोन दिवस नीट जेवली नाही. ‘‘लग्नाक इलेल्या पावण्यांक?’’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. त्यातूनच वाचलेला नवरदेव हेन्री पुढे राजा झाला आणि त्याने दोन्ही पंथांना आपापल्या देवळात जायची मोकळीक दिली, तेव्हा तिने चक्क गूळ-खोबरं वाटलं. पुढे त्याच्याच नातवाने, चौदाव्या लुईने, ती मोकळीक काढून घेतली. ‘‘आज्याचो शब्द मोडल्यान मेल्यान!’’ लुईला तिने जन्मभर माफ केलं नाही.

एकदा मी तिला विचारलं, इतक्या लढाया झाल्यावर लोकांनी असे राजे डोक्यावर बसवून का घेतले? ती हसली. म्हणाली, ‘‘तुका आठवत नाय, तू ल्हान होतंस. पालखीच्या मानावरसून आमच्या दोन घरांत तीन वर्सां कोयते निघत होते. शेवटाक सगळे दमले. म्हणाले, दादा सांगात ता खरा. तेवा माकाय बरा वाटला होता.’’ मग तांदळातला खडा टिपत म्हणाली, ‘‘राजा कोण करता? दमलेली माणसां करतत.’’ मी आज वर्गात हा धडा शिकवते तेव्हा हेच सांगते. पुस्तकात ते इतकं सोपं लिहिलेलं नाही.

तर आत्येने ठरवलं, आपणही मॅट्रिकला बसायचं. पास झाली तर शाळेत नोकरी मिळणार होती, नाहीतर उरलेलं आयुष्य सूप आणि चूल. माझ्या हेडमास्तरांनी तिचा बाहेरून बसायचा अर्ज भरून पाठवला. दादांना कळलं तेव्हा ते फक्त म्हणाले, ‘‘विधवा बाय परीक्षेक बसान काय करतली?’’ आणि विषय संपला. चार महिने घरात त्यावर अवाक्षर निघालं नाही. आत्ये मात्र पहाटे उठून इंग्रजीची स्पेलिंगं म्हणायची, मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे.

केंद्र तालुक्याला, तिथे आठवडाभर राहायचं. निघायच्या सकाळी सगळे देव्हाऱ्यापुढे जमलो. आई माझ्याबरोबर येणार होती. आणि आत्ये आतून आली ती धुवट लुगडं नेसून, हातात परीक्षेची चिठ्ठी घेऊन! दादांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून हात जोडले. ‘‘बा रवळनाथा, आज ह्यां माझा चेडू कुसूम परीक्षेक जाताहा...’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ ‘‘लिवताना त्येका आठव दी, येश दी...’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ एक आवाज कमी होता. गाऱ्हाणं असं मध्ये कधी कोणी थांबवत नाही, पण दादा थांबले. वळून म्हणाले, ‘‘शेवंते, तू कित्याक म्हणूक नाय?’’

‘‘गाराण्यात माझा नाव नाय, दादा,’’ आत्ये म्हणाली. ‘‘माझा नाव घाल, मगे म्हणतंय.’’

देवासमोर खोटं बोलता येत नाही आणि अर्धं गाऱ्हाणं टाकून उठताही येत नाही. दादा देवाकडे वळले. हात पुन्हा जोडले. ‘‘आणि... त्येच्या वांगडा माझी भैण शेवंती जाताहा. तिकाय येश दी रे म्हाराजा.’’ आम्ही जे ओरडलो ते नाक्यावर ऐकू गेलं असेल. सगळ्यांत मोठा आवाज आईचा होता. आत्येचा फुटलाच नाही, ती रडत होती.

आता निकाल. आत्ये पास. मी नापास! गणितात गटांगळ्या खाल्ल्याच, वर इतिहासात ‘अनियंत्रित राजेशाही म्हणजे व्हय म्हाराजा पद्धतीचे राज्य’ असं लिहून आले होते. ‘‘घरातला घरात, पेपरात पेपरातला!’’ म्हणून आत्येने माझा कान पिळला आणि ऑक्टोबरपर्यंत मला शिकवून पास करवलं. तिला गावच्या शाळेत नोकरी मिळाली. रविवारी आमच्या पडवीवर ती शिकायच्या राहून गेलेल्या बायकांना घेऊन बसायची.

बाराव्यानंतरच्या रविवारी त्यातल्या तिघी वह्या घेऊन आल्या आणि पडवीशी अवघडून उभ्या राहिल्या. मी उठणार इतक्यात दादा बाहेर आले. आता पासष्टीचे, काठी टेकत चालतात. त्यांनी चटई अंथरली, चष्मा लावला, पुस्तक उघडलं. ‘‘खंय पावल्लास?’’ पार्वती म्हणून मासे विकणारी एक आहे, तिने पान दाखवलं. दादा वाचू लागले, ‘‘चौदाव्या लुईच्या काळात फ्रान्स वैभवाच्या शिखरावर होता.’’

‘‘कोणाचा वैभव, दादानू?’’ पार्वतीने विचारलं. ‘‘शेतात राबणाऱ्यांचा काय?’’

दादांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं, चष्मा काढून पंच्याने पुसला.

‘‘माका खबर नाय,’’ दादा म्हणाले. ‘‘तुमका काय वाटता?’’

तिघी एकदमच बोलायला लागल्या.