ताईचा हुकूमनामा

ताईने दुसरं लग्न करायचं ठरवलं तेव्हा मी कागद घेतला आणि कामं लिहून काढली. हॉल नको, भटजी नको, पत्रिका नको, असं दोघांनी आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे यादी लहान होती: विवाह नोंदणी, फोटो, आधार कार्ड, तीन साक्षीदार, हार, चहा. घटस्फोटाचा कागद मी अगदी तळाला, हारांच्याही खाली लिहिला. घरात असेलच, काढला की झालं.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली. आई, ती आणि मी रत्नागिरीत एकाच घरात राहतो. मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. ताईचे होणारे यजमान एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, विधुर, शांत. दोघांची मोतीबिंदूची ऑपरेशनं एकाच सकाळी होती. एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं ते एकेका डोळ्यानेच, आणि तेवढं पुरलं.

घाई होती ती गणपतीची. यजमानांच्या घरी पाच दिवसांचा गणपती, त्यांच्या बहिणी, भाचे, मुंबईचे सगळे तेव्हा जमतात. ताईचं म्हणणं सरळ होतं.

"गणपतीत मी त्या घरात गेले तर नैवेद्य करायला जाईन. पाहुणी म्हणून पाटावर बसून 'ही कोण बाई' हे ऐकायला जाणार नाही. या गणपतीआधी झालं तर झालं, नाहीतर राहू दे. पुढल्या वर्षी मला परत धीर होणार नाही."

नोंदणी पद्धतीच्या लग्नाला आधी नोटीस द्यावी लागते आणि ती महिनाभर फलकावर राहते. नोटिशीबरोबर ताईच्या घटस्फोटाचा हुकूमनामा हवा. मी उलटी तारीख मोजली. वेळ होता, पण सैल नव्हता.

बाबांनी सगळे महत्त्वाचे कागद माळ्यावरच्या लाकडी पेटीत ठेवले होते आणि पेटी जांभ्याच्या भिंतीला टेकवून. जाण्यापूर्वी त्यांनी मला बजावलं होतं की पेटी हलवायची नाही. आम्ही हलवली नाही. वाळवीला त्यामुळे फार सोयीचं झालं. तिने वरून सुरुवात न करता थेट मधूनच खाल्लं होतं. जुनी वीजबिलं शाबूत, माझं गांडूळ शेतीचं प्रमाणपत्र शाबूत, आणि हुकूमनाम्याच्या जागी मातीचा एक भुसभुशीत चौकोन. कोपऱ्यावर कोर्टाच्या शिक्क्याची तेवढी निळी कड राहिली होती.

"बघ," आई खालून म्हणाली, "नको ते खाल्लंन नाही."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कोर्टात गेले. नक्कल विभागाच्या खिडकीत एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा साखळीला. जुन्या निकालाची प्रमाणित प्रत हवी असं सांगितलं. त्यांनी अर्जाचा नमुना पुढे केला आणि विचारलं,

"दावा नंबर?"

"नाही."

"कॉम्प्युटरवर इतकं जुनं मिळणार नाही. वर्ष सांगा, वही काढून बघू."

वर्ष मी घरी विचारून आले होते, हाच घोटाळा होता. आईच्या मते आमची विहीर आटली त्या वर्षी घटस्फोट झाला. आत्या शेजारीच राहते, ती म्हणाली, "विहीर आटली तेव्हा लग्न झालं गो. पाण्याचे टँकर सांगितले होते, विसरलीस? घटस्फोट झाला तो तुमच्याकडे टीव्ही आला तेव्हा."

"टीव्ही घटस्फोटाच्या आधी आला," आई म्हणाली. "समझोत्याला तिच्या सासरची माणसं आली होती ती टीव्हीसमोरच बसली. सिनेमा संपेपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. मग शेवटची गाडी चुकेल म्हणून उठून गेली."

हे मी थोडक्यात खिडकीवर सांगितलं. बाईंनी चष्मा नाकावर चढवला.

"मॅडम, आमच्याकडे इसवी सन चालतं."

तरी त्यांनी चार-पाच वर्षांच्या वह्या काढायची तयारी दाखवली. वही अर्जदाराच्या नावाने लावलेली असते. अर्ज दोघांच्या संमतीचा असला तरी पहिलं नाव ताईचं होतं, एवढं ताईला नक्की आठवत होतं, कारण वकिलांनी तिला आधी सही करायला लावली होती. मी ताईचं नाव सांगितलं, माहेरचं. बाईंनी पानं उलटली. नाही. मग माझ्या डोक्यात आलं की तेव्हा ती सासरच्या नावाने असणार. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, पहिलं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं. मी बाहेर येऊन ताईला फोन केला.

"सासरी तुझं नाव काय होतं?"

 तिने एका नदीचं नाव सांगितलं. तिला मी त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. मला ती बातमीच होती.

परत आत गेले. बाईंनी नदी शोधत ओळींवरून बोट फिरवलं, त्या आडनावाच्या सगळ्या जागा पाहिल्या, वर्ष बदलून पाहिलं. "या नदीचा घटस्फोट झालेला नाही," त्या म्हणाल्या, आणि जेवणाची सुट्टी झाली.

त्या संध्याकाळी ताईने दोन भाकऱ्या कमी केल्या आणि ओटा पुसत राहिली. मी म्हटलं, "दुसरं काही नाव होतं का?"

"मला त्याच नावाने हाक मारायचे. दीड वर्ष मारत होते."

"मग कागदावर सही कुठली केलीस?"

"वकिलांनी बोट ठेवलं तिथे माझी सही केली. बालवाडीत करायचे तीच. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. रडायला येत होतं, वाचतेस कसली." मग तिने पोतेरं पिळून दोरीवर टाकलं. "जाऊ दे ग. त्यांना सांगून टाकते मी, नाही जमत म्हणून."

ताई बेत मोडताना आवाज अजिबात चढवत नाही. त्यामुळे ती असं हळू बोलते तेव्हा बेत खरंच मोडत असतो.  तिला न सांगता दुसऱ्या दिवशी कारखान्यातून, मालाची गाडी यायच्या आधी, तिच्या पहिल्या नवऱ्याचा नंबर मिळवला. ते मूळ मंडणगडकडचे. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत सगळी नोकरी झाली, आता खेडजवळ घर बांधून राहतात. नंबर आत्याच्या नणंदेकडून मिळाला. ती नणंद दोन्हीकडच्या बारशांना जाते.

बोलायचं काय ते मी आधी लिहून काढलं होतं. 'नमस्कार, मी अमुक यांची धाकटी बहीण, एका शासकीय कामासंदर्भात.' त्यांनी फोन उचलला आणि माझ्या तोंडातून आलं, "भावोजी, मी बोलतेय."

"कोण? धाकटी?" ते म्हणाले. जणू मी गेल्या आठवड्यातच त्यांच्याकडून उठून आले होते. "अगो, बरी हायस ना? आई बरी?"

मी सगळं सांगितलं. लग्न, गणपती, वाळवी, नदी. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"आमचा कागद पुरात गेला," ते म्हणाले. "पाणी गळ्याइतकं आलं ना, तेव्हा कपाटासकट. पण नाव ते नाही. ते मागाहून ठेवलेलं. ताटात मी दुसरं लिहिलेलं."

ताटात त्यांनी एका देवीचं नाव लिहिलं होतं. कोणाला न विचारता, आपल्याला आवडतं म्हणून. लग्न लागलं, ग्रामपंचायतीत त्याच नावाने नोंद झाली, आणि दोन दिवसांनी त्यांच्या आईच्या लक्षात आलं की ते आपल्या सासूचं नाव. सासू वारून वर्षं झाली होती, नातवंडं तिला नुसती म्हातारी म्हणायची, त्यामुळे तिला नाव होतं हेच पोरांना ठाऊक नव्हतं. पण ताईच्या सासूबाईंच्या पुढे पेच पडला. सुनेला हाक मारायची तर स्वतःच्या सासूचं नाव तोंडाने घ्यावं लागणार. आणि 'अगो, शेण काढ' असं त्या नावापुढे कसं जोडायचं? म्हणून तिसऱ्या दिवशी ताई नदी झाली. वकिलाने मात्र ग्रामपंचायतीचा दाखला घेतला आणि घटस्फोट देवीच्या नावाने झाला.

"ही गोष्ट ताईला कोणी सांगितली नाही?"

"त्या वेळी बायकांना कोण काय सांगत होतं," ते म्हणाले. मग, "मीसुद्धा नाही सांगितलं. म्हणायला पाहिजे होतं."

मागून एका बाईचा आवाज आला. "कोणाचा फोन ओ?"

"पहिलीच्या बहिणीचा."

"मग फोनवर काय बोलताव, जेवायला बोलवा."

ती त्यांची दुसरी बायको. तिने फोन हातात घेतला. मी वर्षाबद्दल विचारलं तर तिने ते झटक्यात सांगितलं, महिन्यासकट.

"माझ्या बापाने हुकूमनामा डोळ्यांनी बघितल्याबिगर मला दिली नाय. तीनदा आलता बघायला. शिमग्याच्या पालखीत पण हाच विषय. त्या कागदावर माझं लगीन अडकलेलं, मी विसरेन?"

"आमचंही त्याच्यावरच अडकलंय," मी म्हटलं.

"हो ना. चांगला कागद हाय, दोघींना पुरतोय."

त्या माहितीवर खिडकीतल्या बाईंना ओळ सापडायला चहा निवेपर्यंतचासुद्धा वेळ लागला नाही. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि देवीवर बोट ठेवलं. मी नक्कल अर्ज भरला, स्टॅम्प लावला. रेकॉर्ड रूममधून फाइल यायला काही दिवस गेले, त्या दिवसांत मी रोज दुपारी फोन करत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या बहिणीपेक्षा तुम्हालाच लग्नाची घाई दिसतेय."

प्रत घ्यायला ताई बरोबर आली. कॉरिडॉरमध्ये खांबाला टेकून तिने ती उभ्याने वाचली, पहिल्यांदाच. पुन्हा रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. ती एका ओळीपाशी थांबली आणि मला दाखवली. दोघांचे स्वभाव जुळत नसून अर्जदार क्रमांक एक ही अबोल आहे, असं काहीसं होतं.

"अबोल?" ताई म्हणाली. "मला हाक मारत होते दुसऱ्याच नावाने. बोलणार कुठून?" आणि हसायला लागली. वकील वळून बघायला लागले, मी रुमाल परत पर्समध्ये टाकला.

आधार कार्डावर ताई माहेरच्या नावाने, हुकूमनाम्यावर देवी, तेव्हा दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. नोटरीने विचारलं, आणखी काही नावं आहेत का? ताईने नदीसुद्धा लिहून घ्यायला लावली. जरुरी नव्हती. ती म्हणाली, दीड वर्ष त्या बाईने पाणी भरलंय, तिचाही उल्लेख असू दे.

नोटीस लागली. हरकत कोणी घेतली नाही. आत्या दर आठवड्याला फलक वाचून यायची आणि बाकीच्या नोटिसांमधल्या वधूवरांविषयी आम्हाला सांगायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिसरा साक्षीदार, म्हणजे आमचा मामेभाऊ, तापाने पडला. मी फोनची यादी काढून बसले. कोणी मुंबईत, कोणी आंब्याच्या कलमांच्या कामात, एक जण म्हणाला ओळखपत्र सापडत नाही. तेवढ्यात खेडहून फोन आला. भावोजींची बायको बोलत होती, सगळं ठरल्याप्रमाणे आहे ना म्हणून. मी ताईकडे पाहिलं. 

"ती आली तर चालेल," ती म्हणाली. "ते नकोत. ते एकदा येऊन गेलेत माझ्या लग्नाला."

सकाळच्या पहिल्या गाडीने ती बाई आली. ठेंगणी, गोरी, जरीची साडी, एका हातात आधार कार्ड आणि दुसऱ्यात आमसुलांची पिशवी. तिने आणि ताईने एकमेकींना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग ती म्हणाली, "तुमच्या हातचं लोणचं अजून आठवतात ओ. मी म्हटलं, मग जावा तिकडे."

"लोणचं आईने दिलेलं होतं," ताई म्हणाली. "मला येत नाही."

"बघा. आणि मी इतकी वर्षं ऐकून घेतलं."

सह्यांची वेळ आली. विवाह अधिकारी तरुण होते, फार व्यवस्थित. प्रत्येक साक्षीदाराला वधूशी किंवा वराशी असलेलं नातं विचारून लिहीत होते. मी बहीण. यजमानांचे मित्र, मित्र. मग त्यांनी हिच्याकडे पाहिलं.

"आपलं वधूशी नातं?"

ती बाई खरोखर विचारात पडली. भावोजींच्या घराकडून नातं काढता येईना, ताईच्या घराकडून तर नव्हतंच.

"यांनी जागा रिकामी केली," ती शेवटी म्हणाली, "तिथे मी आले."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि 'परिचित' असं लिहिलं.

गणपतीच्या पहिल्या दिवशी मी ताईला मुद्दाम फोन केला नाही. तिची माणसं, तिचं स्वयंपाकघर, मध्ये आपण कशाला. पण दुपारी आरती झाल्यावर तिचाच आला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता.

"काय झालं?" मी विचारलं. "कोणी काही बोललं का? कोण म्हणून विचारलं का?"

"ते कोणीच विचारलं नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता आणि मी खुर्चीतून उठलेच. "मोदक फुटले. सगळेजण मोदक का फुटले ते विचारतायत. उकड कितपत मळायची ते आईला विचारून सांग लवकर."