न धुतलेलं अस्तर

आर्डिस उन्रुहला गोधडी शिवायला शिकायची हौस आली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, पोस्टातून निवृत्त झाल्यावर. आमच्या कॅन्ससमधल्या गावात लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीसाठी चर्चच्या तळघरात गोधडी शिवतात. दर मंगळवारी बायका गोधडी ताणलेल्या चौकटीभोवती बसतात, हात चालतात नि तोंडं त्याहून जास्त. आर्डिसचे टाके म्हणजे ओल्या मातीतून कोंबडी गेलेली. ती घरी गेली की बायका ते उसवून पुन्हा घालायच्या. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आर्डिस सोडून.

शेवटी या शिवणमंडळाच्या प्रमुख व्हर्ना एडिगरने तिला बिनटाक्याचं काम दिलं. "हे अस्तराचं फ्लॅनेल. गरम पाण्यात दोनदा धुऊन आण. आटायचं ते आधीच आटू दे."

त्या शनिवारी शेजारच्या गावात जुन्या सामानाची विक्री होती. उशिरा गेलं की राहतं काय? आर्डिसने कापडावर पाणी शिंपडलं, कडक इस्त्री फिरवली नि पळाली.

"दोनदा ना?" मंगळवारी व्हर्नाने विचारलं.

"दोनदा."

गोधडी शिवून झाली, लग्नही झालं. दोन महिन्यांनी नवरीने गोधडी धुतली आणि तिची सासू ती घेऊन तळघरात आली. गोधडी वीतभर आखडलेली, वरची बाजू सुरकुतून गोळा झालेली, एका कडेचे टाके तटातट तुटलेले. ती कड लिओलामावशींनी शिवलेली. मावशी ब्याऐंशीच्या, आणि खिडकीजवळची खुर्ची साठ वर्षं त्यांचीच.

"अस्तर तर दोनदा धुतलेलं. मावशी, हल्ली दोरा फार ओढता हो," व्हर्ना म्हणाली. "नीट दिसत नाही ना?"

"दिसतं की. तुझ्या दातात खसखस अडकलीय, तीही दिसतेय."

बायका हसल्या, पण व्हर्ना हटली नाही. "पुढच्या मंगळवारपासून स्वयंपाकघरात बसा. जेवणाचे बटाटे सोलायला कुणीतरी हवंच आहे."

मावशींनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. "असेल बाई. हातांचा काय भरवसा." त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढून खिशात टाकलं.

आर्डिस कॉफी ओतत होती. कान तापले, पण ती पुढचा कप भरत राहिली.

पुढच्या मंगळवारी व्हर्ना म्हणाली, "आर्डिस, खिडकीची खुर्ची रिकामीच आहे. बस तिथं."

ती बसली. उजेड सुरेख होता. सुई हातात घेतली, पण ती कापडात जाईना. आतून बटाटे सोलल्याचा आवाज येत होता.

"ते अस्तर मी धुतलंच नव्हतं," ती पुटपुटली.

सगळ्या सुया थांबल्या. मावशी सुरी घेऊनच दारात आल्या. "काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, कान गेलेत माझे."

"अस्तर धुतलं नव्हतं!" आर्डिस ओरडली. वर पाद्रीबाबांनाही ऐकू गेलं असेल.

मावशींनी सुरी खाली ठेवली. "आठवडाभर मी रोज सकाळी सुईत दोरा ओवून बघतेय, आर्डिस. म्हटलं, खरंच आंधळी झाले की काय."

आर्डिसला वाटलं, यापेक्षा मावशींनी शिव्या घातल्या असत्या तर बरं.

"ऊठ."

ती उठली. मावशींनी हात पुसले आणि बसल्या. आर्डिसने कुठं बसायचं, हे कुणीच सांगितलं नाही. ती आत गेली नि अर्धवट सोललेला बटाटा उचलला. मागे तळघरात एकदम खसखस पिकली. कशावर, ते जाऊन विचारायची तिची छाती झाली नाही.