पुढचं वचन

"थांब," साहेब म्हनले. "देवाले नाही. देवाला."

मी परत वाचलं. देवाले. खुर्च्यायवरचे लोक हसले.

मी वाशिमले साहेबाच्या घरची मोलकरीन, सैपाक करतो, भांडे घासतो. साहेब म्हंजे रिटायर हेडमास्तर अन् आमच्या ख्रिस्ती मंडळीतले वडील माणूस. दर रविवारी त्यायच्याच हॉलमधी प्रार्थना भरते. त्या रविवारी वाचनारी बाई आली नोती, म्हनून पाळकबाबानं मले उभं केलं. चाळीस वर्षाची झाली, चारचौघात पहिल्यांदा वाचून राह्यली होती. पुस्तकात 'ला' छापेल हाय, हे मले दिसते. पन आमच्या जिभेवर 'ले'च येते. तिसऱ्यांदा जीव खाऊन 'देवाला' म्हनलं, तं लगेच पुढं 'त्याले' निंगालं.

साहेब उठले. माह्या हातातून बायबल घेतलं.

"बस तू. देवाच्या वचनाची चटणी करू नकोस. तुम्हा लोकांची जीभच जड. तू ऐकत जा, वाचणारे आहेत." अन् मंग, "जा, चहा ठेव."

मी गेली. वीस कप चहा केला.

तोंडावर चहा फेकून काहून नाई निंगाली, असं कोनी इचारीन. कोठी जाऊ? साहेबाच्या मांगच्या खोलीत मी अन् माही माय राहतो. मायले लकवा मारला, तवापासून ते बाजेवर. आमचं गावचं, अनसिंगचं घर पडलं. दोन बाया, त्यात एक अंथरुनाले खिळलेली, कोन देते खोली? साहेबानं देली. ते उपकार रोज ताटात वाढून देत.

खोलीतलं बायबल बापाचं. त्याले वाचता येत नोतं, तरी जपलं. मी चवथी शिकेल. माय दिवसभर रडे, म्हने, "वाचून दाखव वो मले." तवापासून सकाळी पाच वाजता, साहेबाचा गॅस पेटवाच्या आंधी, एक पान. बोट ठेवून ठेवून. चार वर्षं. ताप असला तरी. जेवन चुकलं, वाचन चुकलं नाई.

त्यानं काय झालं? माय उठून चालाले नाई लागली. भांडे कमी नाई झाले. पन तेवढा वेळ मले कोनी हाक मारत नसे. अन् माय इचारे. हागार नावाच्या मोलकरनीले लेकरासंग रानात हाकललं, ते वाचलं तवा म्हने, "पानी किती देलं होतं?"

"एक मशक, कातडी थैलीभर."

"एवढ्यानं काय होते, माय!" अन् दिवसभर त्या बाईचाच घोर.

तो हसन्याचा रविवार झाला अन् दुसऱ्या दिवशी साहेब खिडकीशी आले. "सकाळी वाचणं बंद कर. चुकीचं वाचून आईच्या कानात घालू नकोस. मी रविवारी सांगतो तेवढं पुरे. इथे राहायचं आहे ना?"

मी बंद केलं. लाज वाटते सांगाले, पन केलं. माय म्हने, "काहून वाचत नाई?" मी म्हनलं, डोळे दुखतात. मायसंग खोटं बोलली. मनातल्या मनात वाचो. ते माह्याकडं तोंड करून वाट पाहत पडून राहे. त्या दिवसायचा आजही राग येते. साहेबाचा नाई, माहा.

पुढच्या रविवारी साहेबानं पौलाच्या पत्रातून सांगतलं. चाकरायनं धन्याचं आयकावं, भीत भीत, कापत कापत. सांगता सांगता सैपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तठी मी उभी होती. मंग पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी ते पान काढलं. होतं खरं तसं. बोट खाली सरकवलं. चारच वचनं खाली लिवेल होतं: धन्यांनो, तुमीही तसंच वागा, धमक्या देनं सोडा, त्यायचा अन् तुमचा धनी वर एकच हाय, तो तोंड पाहून न्याय करत नाई.

अरे बापा! हे तं साहेबानं वाचलंच नाई.

सारी जिनगानी बायबल वाचनारा माणूस. त्याचं बोट बरोबर तठीच कसं थांबलं? अन् मी नुसती आयकत बसली असती, तं मले मरेलोक कळलं नसतं. रोज वाचाचं कायले, हे त्या सकाळी माह्या डोक्यात घुसलं.

मी मोठ्यानं वाचलं. मायनं डोळे उघडले.

साहेब खिडकीशी. "काय सांगितलं होतं मी?"

"तुमी काल सांगतलं तेच वाचून राह्यली. तुमी जेथी थांबले, त्याच्या पुढचं." अन् त्यायच्या तोंडाकडं पाहून वाचलं, "धन्यांनो, त्यायले धमकावू नका."

साहेबाचं तोंड लाल. "महिनाअखेर खोली रिकामी कर."

माय बाजेवरून म्हने, "वाच. थांबू नको."

महिना सराले नऊ दिवस हायेत. खोली पाहत पार मालेगावलोक फिरून आली, कोठीच नाई. नाई भेटली तं मायची बाज रस्त्यावर टाकीन, पन पाय धराले जानार नाई. अन् आता साहेब असो का पाळकबाबा, कोनीही मले वचन सांगतलं, का मी इचारनार, पुढं काय लिवेल हाय? नाई सांगतलं तं तठीच उभी राहून मोठ्यानं वाचीन.